आयरिश पबमधील मैफल

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते बोनस, महागाई भत्ता आणि संप यांविषयी ऐकावयाच्या तयारीने बसतात. यंदा मी चालकांना विषय कळविला तो आयर्लंडमधील पबचा. पत्रिका छापून आली त्याच दिवशी एका जुन्या सहकाऱ्याने मला भर रस्त्यात थांबवून विचारले, "तुम्ही दारूच्या दुकानावर बोलणार?" त्याचे विचारणे रास्त होते. तेव्हा आधी माझी बाजू सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

माझे वडील गिरणीत होते. पगार महिन्याच्या दहा तारखेला होई. गिरणीच्या फाटकापासून आमच्या चाळीपर्यंत तीन गुत्ते लागत. दहा तारखेला आई मला फाटकाशी नेऊन उभी करी आणि बजावी, "दादांचं बोट सोडायचं नाही." मी सहा-सात वर्षांचा असेन. पहिल्या गुत्त्यावरून आम्ही पार होत असू, दुसऱ्यावरूनही बहुधा होत असू. तिसऱ्याशी बोट सुटे. पुढे सातवीतून शाळा सुटली, मागावर उभा राहिलो, नगर वाचनालयाच्या पुस्तकांवर जे काही शिकलो ते शिकलो, पण दारूच्या दुकानाविषयीचे माझे मत त्या तिसऱ्या उंबरठ्यावर ठरले ते ठरलेच. मी थेंबालाही शिवत नाही. हे एवढे सांगितल्यावर पुढील मजकूर कोणी गुत्तेदाराची जाहिरात म्हणून वाचणार नाही अशी आशा आहे.

काही वर्षांपूर्वी एका कामगार परिषदेच्या निमित्ताने मे महिन्याच्या अखेरीस डब्लिनला जाण्याचा योग आला. परिषद आटोपल्यावर तेथील वाहतूक कामगारांचे एक निवृत्त कार्यकर्ते मला आपल्या मुलुखात घेऊन गेले. त्यांचा मुलूख म्हणजे पश्चिमेकडील क्लेअर परगणा, आणि त्यातील मिलटाऊन मालबे हे गाव. अटलांटिक महासागर हाकेच्या अंतरावर, वस्ती जेमतेम हजार, एक मुख्य रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना रंगविलेल्या दुकानांच्या ओळी. शनिवार होता. रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन मावळलेले नव्हते. यजमान म्हणाले, "चला, गाणे ऐकू." मला वाटले एखादे सभागृह असेल. त्यांनी दार उघडले ते पबचे.

पब म्हणजे पब्लिक हाउस, लोकांचे घर. नाव ऐकून मी मनात हसलो, कारण आमच्याकडील गुत्तेदारही आपल्या दुकानाला देवाधर्माची नावे देतात. परंतु आत गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती उजेडाची. आमच्याकडे गुत्त्यात माणूस मान खाली घालून शिरतो आणि तशीच घालून बाहेर पडतो. येथे म्हाताऱ्या बायका होत्या, नवराबायको होती, कोपऱ्यात दोन मुले लिंबाचे सरबत पीत बसली होती. खेड्यातील जुन्या पबमध्ये दर्शनी भागात किराणा किंवा लोखंडी सामान विकले जाई व मागल्या भागात दारू. पबचा मालकच पुष्कळ ठिकाणी अंत्यविधीचीही व्यवस्था पाही. म्हणजे खिळे, चहापत्ती, दारू आणि तिरडी एकाच माणसाकडे! मी चहा मागितला. मला वाटले आता सगळे वळून पाहतील. कोणी पाहिले नाही. किटली आली, दूध आले, बिस्किटेही आली. यजमानांनी सांगितले की न पिणाऱ्यांची या देशाला मोठी परंपरा आहे. 1838 साली कॉर्क शहरात फादर मॅथ्यू या धर्मगुरूने दारू सोडण्याच्या शपथा देण्यास सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत लाखो लोकांनी ती शपथ घेतली. 1898 साली निघालेल्या दुसऱ्या एका मंडळाचे सभासद कोटावर लहानशी पिन लावीत, म्हणजे त्यांना कोणी आग्रह करू नये.

आता गाण्याकडे येतो.

मी व्यासपीठ शोधत होतो. व्यासपीठ नव्हते. ध्वनिक्षेपकही नव्हता. भिंतीशी एक मेज होते, त्याभोवती सहा-सात माणसे एकमेकांकडे तोंड करून बसली होती, म्हणजे निम्म्यांची पाठ आमच्याकडे. मेजावर त्यांचे पेले, आणि मांडीवर वाद्ये. याला तेथे 'सेशन' म्हणतात. आपल्याकडे गायक श्रोत्यांसमोर बसतो, त्यांची दाद घेतो. येथे वादक एकमेकांसाठी वाजवीत होते. आम्हाला ऐकण्याची मुभा होती, इतकेच. प्रारंभी मला हे थोडे उद्धटपणाचे वाटले. अर्ध्या तासाने त्यातील गंमत कळली.

वाद्ये सांगतो. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, फक्त नाव निराळे. लाकडी आडवी बासरी. पत्र्याची लहान उभी बासरी, तिला टिन व्हिसल म्हणतात. ती इतकी स्वस्त असते की गरिबातल्या गरीब पोरालाही मिळावी. कॉन्सर्टिना ही षटकोनी पेटी दोन्ही हातांत धरून ताणायची आणि दाबायची. आपल्या भजनातल्या बाजाच्या पेटीची ती चुलतबहीण म्हणावी, कारण दोहोंतही भात्याच्या वाऱ्याने धातूची पट्टी थरथरते व स्वर निघतो. क्लेअर परगण्यात ही पेटी पूर्वीपासून बायकांच्या हातात विशेष दिसे. किलरश गावच्या एलिझाबेथ क्रॉटी (1885–1960) या तर स्वतः पब चालवीत आणि कॉन्सर्टिनाही नामांकित वाजवीत. शिवाय इलन पाइप्स. यांचा भाता तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली धरून दाबतात; 'इलन' या शब्दाचा संबंध कोपराशीच आहे. 2017 साली युनेस्कोने ही वादनकला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. आणि ठेक्यासाठी बकऱ्याच्या कातड्याचे बाउरान. आकाराने ते आपल्या शाहिराच्या डफाच्या घराण्यातले, पण लहान दांडीने वाजवितात.

चिजा दोन-तीन प्रकारच्या ऐकू आल्या. जिगमध्ये तीन-तीन मात्रांचे दोन गट असतात. ज्याने दादरा ऐकला आहे त्याचा पाय जिगवर आपोआप हलेल, माझा हलला. रील (मुलांच्या फोनवरचे नव्हे) चार मात्रांचे, वेगवान, आपल्या केरव्यासारखे धावणारे. प्रत्येक चिजेचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मापांचा, तो दोनदा वाजवायचा. अशी बत्तीस मापांची फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्या झाल्या की कोणी तरी भुवई उंचावतो किंवा 'हप्' असा आवाज करतो, आणि सगळे न थांबता दुसऱ्या चिजेत शिरतात. कागद कोणापुढे नाही. सगळे तीच चाल वाजवितात, पण फिडलवाला एखाद्या स्वरावर मुरकी घेईल तर बासरीवाला तेथे श्वास घेईल, आणि त्यामुळे एकच चाल सहा माणसांच्या हातून सहा तऱ्हांनी एकत्र चालत राहते.

या मेजाचे काही नियम आहेत. ते कोठे लिहिलेले नाहीत, पण आमच्या संघटनेच्या घटनेपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळले जातात. नवख्याने आपणहून मेजाशी खुर्ची ओढायची नाही; वाद्याची पेटी दिसेल अशी ठेवून जवळपास बसायचे, बोलावणे येते. चीज येत नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचे. बाउरान एका वेळी एकच. आणि जो सर्वांत चांगला वाजवितो त्याने सर्वांत मोठ्याने वाजवायचे नाही. हा शेवटचा नियम आमच्या कार्यकारिणीत आणता आला तर काय बहार होईल!

त्या रात्री सरबत पिणाऱ्या दोन मुलांपैकी एक बारा वर्षांची मुलगी होती. मेजावरील एका वृद्धाने बोट वाकवून तिला बोलाविले. तिने खुर्चीखालून कॉन्सर्टिना काढली, मेजाशी बसली, आणि एकाएकी सगळे थांबले. ती चीज सुरू करील, ती ठरवील ती लय. तिने जरा जलद धरली. सहा पिकली माणसे त्या पोरीच्या लयीमागे निमूट चालली. एकानेही तिला ओढून मागे घेतले नाही. दुसऱ्या चिजेत तिची बोटे एका जागी अडखळली, तेव्हा फिडलवाल्याने आपला आवाज किंचित वाढवून ती जागा भरून काढली व ती सावरताच पुन्हा उतरविला. मग गल्ल्यामागच्या माणसाने घड्याळाकडे पाहिले. मे ते सप्टेंबर या महिन्यांत रात्री दहानंतर मुलांना पबमध्ये थांबू देणे तेथे कायद्याने मना आहे. इतर महिन्यांत ती वेळ नऊची. आजी उठली, पेटी पिशवीत गेली, दोघे भावंडे बाहेर पडली. दारूच्या दुकानाच्या दारातून एक मूल मोठ्या माणसाचे बोट धरून घरी जाताना मी पाहिले. माझा चहा निवून गेला होता.

हे सगळे पाहून असे वाटेल की हे संगीत पबमध्येच जन्मले. तसे नाही. माझ्या यजमानांनी मला जो इतिहास सांगितला, व पुढे मी वाचून जो ताडून पाहिला, तो असा की या वादनाचे मूळ घर म्हणजे शेतकऱ्याचे स्वयंपाकघर. दगडी फरशी, चूल, एक फिडलवाला, आणि शेजारपाजारचे लोक नाचताहेत. पबमध्ये पुरुषच जात. बायकांसाठी असलाच तर फळ्यांचा आडोसा केलेला एक कोनाडा. मग 1935 साली आयर्लंडच्या सरकारने सार्वजनिक नाचघरांचा कायदा केला. परवान्याशिवाय सार्वजनिक नाच करावयाचा नाही असे त्याने ठरविले. कायदा नाचघरांसाठी होता, परंतु धर्मगुरू आणि पोलीस यांनी तो घरातल्या नाचावरही चालविला; घरमालकांवर खटले झाले. मिलटाऊनच्या पंचक्रोशीतील फिडलवादक ज्युनियर क्रेहन (1908–1998) यांनी या कायद्याने घरगुती नाच कसे बुडाले आणि खेडी कशी मुकी झाली हे पुढे अनेकांना सांगून ठेवले आहे. नाच चर्चच्या देखरेखीखालील सभागृहात गेला. तेथे मोठा बँड लागतो. कोपऱ्यातल्या एकट्या म्हाताऱ्याला जागा उरली नाही.

दुसरा घाव पोटाचा. 1950 ते 1960 या दहा वर्षांत तीस लाखांच्या आत वस्ती असलेल्या या देशातून चार लाखांहून अधिक माणसे बाहेर गेली, त्यांतील बहुतेक इंग्लंडला. बायका रुग्णालयांत आणि घरकामात, पुरुष रस्ते खणण्यात आणि इमारतींच्या पायावर. लंडनच्या कॅमडन टाऊन व केंटिश टाऊन भागांत ही माणसे भाड्याच्या खोल्यांत राहत. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या माणसाच्या खोलीचे वर्णन मी तुम्हाला करावयास नको, तशीच ती. स्वयंपाकघर नाही, तर नाच कोठे करणार? उरला तो पब. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर, 1940च्या दशकाच्या अखेरीस, लंडनच्या पबमधून या मजुरांनी एकत्र बसून वाजविणे सुरू केले. आज आपण ज्याला अस्सल आयरिश गावचा रिवाज म्हणून पाहावयास जातो तो बव्हंशी परमुलखात मजुरी करणाऱ्यांनी घडविला आहे.

आणि येथेच माझ्या वडिलांचा तिसरा गुत्ता पुन्हा समोर येतो. मजुरी आणि दारू यांची सांगड ही कोणा एका मजुराच्या दुर्बळ मनाची गोष्ट नाही. ती मालकाच्या सोयीची व्यवस्था आहे. विलायतेत खाणमालक व मुकादम पबमध्ये बसून मजुरी वाटीत. 1842च्या खाण कायद्याने खाणकामगारांपुरती ती प्रथा बंद केली आणि 1883 साली ब्रिटिश पार्लमेंटने इतर मजुरांसाठीही पबमध्ये मजुरी वाटण्यास बंदी करणारा स्वतंत्र कायदा केला. तरीही 1950 व 60च्या दशकांत लंडनमधील आयरिश मजुरांना उपकंत्राटदार पबमध्येच गाठी. धनादेश द्यायचा आणि तो पबमालकाकडे वटवायचा, म्हणजे काही पैसे तेथेच रिचणार. या पद्धतीला 'लम्प' म्हणत. रोजची रोख रक्कम, विम्याचा हप्ता नाही, हजेरीपटावर नाव नाही. माणूस थकला तेव्हा त्याच्या नावावर निवृत्तिवेतनाला पुरेसे काही निघेना. यजमानांचे एक काका असेच गेले. पबमधला तो कोपराही त्याच काळाचा आणि ती लूटही त्याच काळाची. मजुराला त्या दारातून आत जावेच लागे, पैशासाठी; आणि आत गेल्यावर त्यातल्या काहींनी तेथे फिडल काढले.

परतलेल्यांनी हा रिवाज गावी आणला. विली क्लॅन्सी हे मिलटाऊनचे सुतार, लंडनला कामासाठी जाऊन परत आलेले, इलन पाइप्सचे थोर वादक. ते 1973च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षीपासून त्यांच्या नावाने दर जुलैच्या प्रारंभी येथे शिकविण्याची शाळा भरते. जगभरातून विद्यार्थी येतात, हजाराच्या गावात पाय ठेवावयास जागा राहत नाही. सुताराच्या नावाची विद्यापीठे फार नाहीत, म्हणून हे आवर्जून सांगितले. त्याआधी 1951 साली मुलिंगार येथे कोल्तस ही वादकांची देशव्यापी संस्था निघून स्पर्धा व मेळावे सुरू झालेच होते. आणि चिजांचा संग्रह करण्याचे मोठे काम केले ते अमेरिकेत, शिकागोच्या पोलीसप्रमुखपदी पोचलेल्या फ्रान्सिस ओनील या आयरिश माणसाने. 1903 साली त्यांनी 1,850 चिजा छापल्या. पोलीस खात्याशी माझे संबंध कधीच गोडीचे नव्हते, पण या एका अधिकाऱ्याला मी नमस्कार करतो.

मध्यंतरात मी माझ्या सवयीचा प्रश्न विचारला: यांना मिळते काय? उत्तर असे की मेजावरील सातांपैकी दोघांना पबमालक पैसे देतो. त्यांनी वेळेवर यायचे आणि मैफल धरून ठेवायची. बाकीचे आपल्या आनंदाने येतात, त्यांना फार तर एखादा पेला. बासरीवाला दिवसा छपरे दुरुस्त करीत होता, फिडलवाली शिक्षिका होती. मला हे पटेना. गल्ला भरतो तो यांच्यामुळे, मग पाच जण फुकट का? यजमान म्हणाले, "सातांनाही पैसे दिले, तर मालक सांगेल ते वाजवावे लागेल." मी वाद घातला. अजूनही घालीन. परंतु ती बारा वर्षांची मुलगी पगारी मेजावर बसविली गेली असती का, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पगारी वादकाचीही कथा सोपी नाही. स्वतंत्रपणे काम करणारा कलावंत हा कामगार नसून एकट्याचा 'धंदा' आहे, आणि अशा दोन धंद्यांनी मिळून दर ठरविला तर तो व्यापारी कट, अशी भूमिका आयर्लंडच्या स्पर्धा-कायद्याच्या अधिकाऱ्यांनी 2004 साली आवाज देणाऱ्या नटांच्या प्रकरणात घेतली. त्याविरुद्ध कामगार संघटना वर्षानुवर्षे भांडल्या. अखेर 2017च्या कायदादुरुस्तीने आवाज देणारे नट, ध्वनिमुद्रणासाठी बोलावले जाणारे वादक आणि स्वतंत्र पत्रकार यांना एकत्रितपणे दर ठरविण्याचा हक्क मिळाला. हे ऐकताना मला एक जुनी सुनावणी आठवली. दिवसाला बारा तास माग चालविणारा आमचा एक सभासद हा कामगार नव्हे, 'कंत्राटदार' आहे, असे मालकाचे वकील शांतपणे सांगत होते. त्याच्या अंगावर सदरा मालकाने दिलेला होता.

पबमधील नोकराचेही एक सांगतो. 29 मार्च 2004 रोजी आयर्लंडने पबसह सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपानास बंदी केली; असे करणारा तो जगातील पहिला देश. त्यामागील युक्तिवाद मला फार आवडला. गिऱ्हाईक पबमध्ये मौजेसाठी येतो, पण पेले उचलणारी मुलगी तेथे कामावर असते, आणि दुसऱ्याचा धूर गिळणे हा तिच्या कामाचा भाग नव्हे. कामगार संघटना या बंदीच्या बाजूने उभ्या राहिल्या. मालक म्हणत होते धंदा बसेल. धंदा नंतर बसू लागला हे खरे, 2005पासून दोन हजारांच्या आसपास पब बंद झाले. पण त्याला गाडी चालविणाऱ्यांवरील मद्याचे कडक नियम, घरी स्वस्तात मिळणारी बाटली आणि गावे सोडणारी तरुण मंडळी अशी पुष्कळ कारणे आहेत.

एका गोष्टीशी माझे मुळीच जमले नाही. चार जण एकत्र बसले की प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी पेले आणायचे, याला 'राउंड' म्हणतात. दिसावयास फार दिलदार रीत, परंतु हिशेब करा: चौघे असतील तर प्रत्येकाच्या नशिबी चार पेले आले, तहान एकाची असो वा नसो. मध्येच उठणारा फुकट्या ठरतो. 1915 साली, महायुद्धाच्या काळात, लंडन परिसरात दुसऱ्याला दारू पाजण्यासच सरकारने बंदी घातली होती, ती उगाच नव्हे. माझी पाळी आली तेव्हा मी तीन पेले आणि एक किटली आणली. त्यात तेथे कोणाला काही वावगे वाटले नाही.

साडेअकराच्या सुमारास मेजावरचा वृद्ध डोळे मिटून गाऊ लागला. साथ नाही, ठेका नाही. एक जण हलकेच "श्श" म्हणाला आणि सारा पब गप्प झाला. गल्ल्यावरच्या माणसाने ओतावयास घेतलेला पेला तसाच नळाखाली धरून ठेवला. भाषा त्यांची आयरिश, मला एक शब्द कळला नाही. शेजारच्या बाईने त्या वृद्धाचा हात हातात घेतला होता आणि ती तो संथपणे वर्तुळात फिरवीत होती, जात्याच्या खुंट्यासारखा. गाणे संपताना शेवटची ओळ त्याने गायली नाही, नुसती बोलून टाकली. तशी तेथील रीतच आहे.

शनिवारी साडेबाराला विक्री थांबते, आणि हातातला पेला संपवावयास कायदा अर्धा तास देतो. पेले उचलणारी मुलगी खुर्च्या मेजांवर उलट्या ठेवू लागली. वादकांनी वाद्ये पुसून पेट्यांत भरली.

घरी आल्यावर हे सगळे आईला सांगितले. तिचे आता ऐंशीच्या पुढे वय आहे. दारूच्या दुकानात गेलो होतो म्हटल्यावर तिने पदर तोंडाशी नेला. मी घाईघाईने म्हणालो, "चहा घेतला ग आई."

"तिथं बाया व्हत्या का?"

"होत्या की. वाजवीत होत्या."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि धा तारखेला बी अशाच येत्यात का रं त्या, आत?"